तलावाकाठच्या उद्यानातील वनभोजन

प्राथमिक शाळांच्या वार्षिक कार्यक्रमात सहलीस एक ठरलेले स्थान असते. दिवाळीची सुटी संपली की मुले तिची वाट पाहू लागतात आणि शिक्षक तिची थोडी धास्ती घेऊ लागतात. ह्या दोन्ही भावना रास्तच आहेत. परंतु सहलीच्या नावाखाली जे पुष्कळदा घडते ते पाहिले म्हणजे मुलांच्या वाट्यास आनंदापेक्षा शीणच अधिक येतो की काय, असा प्रश्न विचारी शिक्षकास पडल्यावाचून राहत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातील शाळेचा सहलीचा दिवस उदाहरणादाखल घ्यावा. पहाटे पाच वाजता मुले शाळेपुढे जमतात. निम्म्यांना उत्सुकतेने रात्रभर झोप लागलेली नसते. प्रथम जोतिबाचा डोंगर, तेथून पन्हाळगड, मग कोल्हापुरात अंबाबाईचे दर्शन, नवा राजवाडा, टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालय, आणि दिवस मावळता मावळता पाऊण तास रंकाळा, असा बेत असतो. प्रत्येक ठिकाणी रांग धरावयाची, शिट्टी वाजली की चालावयाचे, पुन्हा वाजली की गाडीत बसावयाचे. लहान मुलास दिवसभरात पुढच्या मुलाच्या पाठीखेरीज फारसे काही दिसत नाही. घाटातील वळणांनी दोघाचौघांना ओकाऱ्या होतात. रात्री दहाला गाडी गावात येते तेव्हा पालकांना झोपलेली मुले खांद्यावर टाकून न्यावी लागतात. शाळेच्या दप्तरात सहा स्थळांची नोंद होते, मुलांच्या मनात मात्र एकाचीही होत नाही.

ह्यावर उपाय अगदी साधा आहे. स्थळ एकच निवडावे, ते फार दूरचे नसावे, आणि तेथे दिवसाचा बराचसा भाग स्वस्थपणे घालवावा. जुन्या शाळांतून ज्यास वनभोजन म्हणत ते हेच. तलावाच्या किंवा नदीच्या काठी असलेले सार्वजनिक उद्यान ह्या कामी फार सोयीचे पडते. सावली असते, हिरवळ असते, बसावयास बाक असतात, पिण्याच्या पाण्याची व शौचालयाची काही ना काही व्यवस्था असते, आणि पाण्याचे दर्शन मनास आपोआप शांत करते. त्याच पाण्यात एक धोकाही आहे. त्याचा विचार पुढे सविस्तर केला आहे, कारण सर्व नियोजनाचा कणा तोच होय.

येथे काही शिक्षक एक शंका काढतात. खेड्यातील मुलांस झाडे, पाणी आणि मोकळी हवा ह्यांचे काय अप्रूप? ती तर त्यांना रोजच मिळतात. शंका वरवर पाहता बरोबर वाटते. परंतु खेड्यातील मुलाच्या दृष्टीने झाड म्हणजे जळण, गवत म्हणजे वैरण आणि पाणी म्हणजे डोक्यावरची घागर असते. चौथीतील मुलगी नदीवर जाते ती धुणे घेऊन, आणि बांधावर बसते ती धाकट्या भावंडास कडेवर घेऊन. ज्या झाडाखाली आपणांस कोणी काम सांगणार नाही असे झाड तिच्या वाट्यास क्वचितच येते. सार्वजनिक उद्यान ते देऊ शकते. शिवाय शहरातील ती सुबक बाग, ते रंगविलेले बाक आणि ते कारंजे हे आपल्यासारख्यांसाठी नव्हे, असा एक न बोललेला संकोच खेड्यातील मुलांच्या मनात असतो. बाग सार्वजनिक आहे, म्हणजे ती आपलीही आहे आणि म्हणूनच तीतील फूल तोडावयाचे नाही, हा नागरिकशास्त्राचा पाठ पुस्तकापेक्षा त्या हिरवळीवर बसूनच नीट समजतो.

कोल्हापूर शहराच्या पश्चिमेस असलेला रंकाळा तलाव ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. आज जेथे पाणी आहे तेथे पूर्वी दगडाची खाण होती आणि आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारास झालेल्या भूकंपाने ती खचून तीत पाणी भरले, असे परंपरेने सांगितले जाते. रंकभैरव ह्या दैवतावरून तलावास रंकाळा हे नाव पडले. काठावर पद्माराजे उद्यान आहे, शालिनी पॅलेसची इमारत आहे, आणि पाणी ओसरले म्हणजे उघडा पडणारा संध्यामठ नावाचा जुना दगडी मंडप आहे. तेथील नंदीविषयी एक कथा लोक सांगतात. तो रोज गव्हाभर पुढे सरकतो व तांदळाभर मागे येतो, आणि ज्या दिवशी तो तलावास पोहोचेल त्या दिवशी जगबुडी होईल! मुलांना ही कथा इतिहासाच्या चार पानांपेक्षा अधिक आवडते. गव्हाचा दाणा मोठा की तांदळाचा, आणि रोज त्यांतील फरकाइतकेच अंतर नंदी तोडत असेल तर एक हात जाण्यास त्यास किती वर्षे लागतील, हे गणित सातवीच्या मुलांनी मोठ्या हौसेने करावे असे आहे.

हिवाळ्यात तलावावर पाणपक्षी येतात. त्यांतील काळ्या अंगाचा आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला पक्षी मराठीत वारकरी ह्या नावानेच ओळखला जातो. ते नाव सांगितल्यावर मुले तो पक्षी कधी विसरत नाहीत. त्याच्याच आसपास पाण्यात बुडी मारून भलतीकडेच वर येणारी टिबुकली, पंख पसरून वाळवीत बसणारा पाणकावळा आणि खंड्या हेही दिसण्याचा संभव असतो. एका मुलाने बुडी मारलेली टिबुकली कोठे वर येईल ते सांगावे आणि दुसऱ्याने ती किती आकडे मोजेपर्यंत पाण्याखाली राहिली ते मोजावे. ह्यासाठी कोणतेही साहित्य लागत नाही.

तलाव कोणताही असो, सहलीपूर्वी किमान आठ दिवस आधी शिक्षकाने ते स्थळ स्वतः जाऊन पाहून यावे. ऐकीव माहितीवर विसंबू नये. कित्येक नगरपालिकांची उद्याने सकाळी व सायंकाळी उघडी असतात आणि नेमकी भर दुपारी बंद असतात. पन्नास मुले डबे घेऊन कुलूप लावलेल्या फाटकापुढे उन्हात उभी राहण्याचा प्रसंग केवळ चौकशी न केल्यामुळे येतो. शौचालय उघडे असते का, तेथे पाणी असते का, आणि मुलींना ते निःसंकोच वापरता येईल का, हे शिक्षिकेने पाहावे. शिक्षिका नसेल तर एखाद्या मातेस बरोबर न्यावे. सावली सकाळी कोठे असते आणि दुपारी कोठे सरकते, गाडी कोठे उभी राहील, जवळचे रुग्णालय कोणते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाण्याचा काठ कोठे बांधलेला आहे, कोठे उघडा आहे, व कोठे पायऱ्यांवर शेवाळ आहे, हे कागदावर आराखडा काढून टिपून आणावे. मुक्कामाची जागा काठापासून दूर आणि शक्यतो मध्ये कुंपण येईल अशी निवडावी. पाणी दिसावे, पण पाऊल सहज तेथवर पोहोचू नये, ही खरी चांगली जागा.

दिवस आठवड्याच्या मधला असावा. रविवारी आणि सणासुदीला अशा उद्यानांत एवढी गर्दी लोटते की आपली मुले कोणती आणि परकी कोणती हेच कळेनासे होते. पौष-माघाचे दिवस उत्तम. पावसाळ्यात काठ निसरडे असतात आणि चैत्रापासून ऊन सोसवत नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, पालकांची लेखी संमती आणि राज्य परिवहनाच्या आगाराकडे सवलतीच्या गाडीचा अर्ज ह्या गोष्टी सर्वांना ठाऊकच आहेत. त्या वेळेवर कराव्यात एवढेच.

वर्गणीच्या बाबतीत मात्र थोडे थांबावे लागते. प्रत्येक शाळेत दोनचार मुले अशी असतात की ती सहलीच्या दिवशी आजारी पडतात. त्यांचे आजारपण बहुधा पैशाचे असते. एका स्थळाच्या वनभोजनास खर्च थोडा येतो, हा त्याचा मोठाच गुण आहे. तरीही जो भरू शकत नाही त्याची सोय शाळा व्यवस्थापन समितीने आधीच व गुपचूप करावी. वर्गात उभे करून "कोणाकोणाचे पैसे यायचे आहेत?" असे विचारणे म्हणजे त्या मुलास सहलीपूर्वीच सहलीतून वगळणे होय.

आता पाण्याविषयी. 18 जानेवारी 2024 रोजी बडोदे शहरातील हरणी तलावावर सहलीस आलेल्या शाळेतील मुलांची नाव उलटली. त्यात 12 विद्यार्थी व 2 शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. नावेत तिच्या शक्तीपेक्षा अधिक माणसे बसविली होती आणि सर्वांच्या अंगावर तरंगणारी जाकिटे नव्हती. ते स्थळ रानातील अनोळखी डोह नव्हते. भर शहरातील करमणुकीचे, लोकांच्या नित्य वर्दळीचे ते ठिकाण होते. म्हणूनच ही घटना प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जागा ओळखीची आणि शोभिवंत असली म्हणजे माणूस सैल पडतो. शाळेच्या सहलीत नौकाविहार असूच नये, असे ठरविणे सर्वांत सोपे आणि सर्वांत शहाणपणाचे आहे. मुले हट्ट धरतील. नाव दिसली की हट्ट होणारच. म्हणून नकार आदल्या दिवशी वर्गातच, कारणासह, सांगून ठेवावा. काठावर उभे राहून दिलेला नकार टिकत नाही.

दुसरा धोका पोहता येणाऱ्या मुलांचा आहे. हे ऐकून आश्चर्य वाटेल, परंतु विहिरीत पांगाऱ्याचे लाकूड किंवा पत्र्याचा डबा बांधून पोहावयास शिकलेले मूल तलावास विहीरच समजते. विहिरीस चारही बाजूंनी भिंत असते. चार हात मारले की कपार हातास लागते. तलावात तसे नसते. तेथे गाळ असतो, पाणवनस्पतींच्या वेली पायास अडकतात, आणि जो तलाव खाणीतून झाला आहे त्याचा तळ हळूहळू उतरत जाईल असा भरवसा धरता येत नाही. "गुरुजी, मला पोहता येतं" असे म्हणणाऱ्या मुलावर अधिक लक्ष ठेवावे. पाय धुण्यासाठी देखील कोणासही पाण्यात उतरू देऊ नये. हात धुण्याचे पाणी बादलीने वर आणावे.

बुडणारे मूल ओरडते, हात हलविते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची आहे आणि प्राणघातक आहे. ज्याच्या नाकातोंडाशी पाणी आले आहे त्यास श्वासच पुरत नाही, मग हाक कोठून मारणार? ते पाण्यात उभ्यासारखे दिसते, मान मागे टाकलेली असते, तोंड पाण्याच्या पातळीशी असते आणि हात दोन्ही बाजूंनी पाणी खाली दाबीत असतात. लांबून पाहणाऱ्यास ते खेळतच आहे असे वाटते. एक मिनिटाच्या आतच ते दिसेनासे होऊ शकते. म्हणून काठाकडे तोंड करून बसलेले एक मोठे माणूस सतत असावे आणि त्याने दुसरे कोणतेही काम करू नये. वाढप नको, गप्पा नकोत, भ्रमणध्वनी नको. दर अर्ध्या तासाने ते माणूस बदलावे, कारण नुसते पाहत राहण्याचे काम फार थकविणारे असते. समूहाचे छायाचित्र काढावयाचे तर ते झाडाखाली काढावे. पाण्याकडे पाठ करून मुलांना काठावर उभे करणे आणि "थोडे मागे, आणखी थोडे मागे" असे म्हणणे ह्यासारखा अविचार नाही.

सामानात सुमारे 15 मीटर लांबीची एक मजबूत दोरी, एक लांब काठी आणि झाकण घट्ट बसणारा पाच लीटरचा रिकामा कॅन अवश्य असावा. कॅनमध्ये पेलाभर पाणी घालून त्याच्या कडीस दोरी बांधली म्हणजे तो नेमका फेकता येतो आणि पाण्यावर तरंगतो. बुडत्यास प्रथम काठी पुढे करावी. ती पोहोचत नसेल तर हा कॅन फेकावा. काठावर पालथे पडून ओढावे, म्हणजे आपला तोल जात नाही. शिकलेल्या जीवरक्षकाखेरीज कोणीही मागोमाग उडी घेऊ नये. घाबरलेले मूल गळ्यास मिठी घालते आणि दोन जीव जातात. त्याच क्षणी दुसऱ्या शिक्षकाने 108 ह्या क्रमांकावर रुग्णवाहिकेस बोलवावे आणि तिसऱ्या माणसाने बाकीच्या मुलांना दूर नेऊन बसवावे.

मूल बाहेर काढल्यावर त्यास उलटे टांगणे, खांद्यावर घेऊन पळणे किंवा पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार खेड्यापाड्यांत अजूनही होतात. त्यांत अमूल्य वेळ जातो, आणि पोटातील पदार्थ घशात येऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. अडचण पोटातील पाण्याची नसून मेंदूस न मिळणाऱ्या प्राणवायूची असते. मूल हाकेस ओ देत नसेल आणि श्वास घेत नसेल तर त्यास उताणे निजवावे, हनुवटी वर उचलावी, नाक चिमटीत धरून तोंडावाटे पाच वेळा श्वास भरावा. छाती वर येते की नाही ते पाहावे. त्यानंतर छातीच्या मध्यभागी, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल जाईल इतक्या जोराने, मिनिटास 100 ते 120 ह्या गतीने 30 दाब द्यावेत, पुन्हा दोन श्वास द्यावेत, आणि मूल श्वास घेऊ लागेपर्यंत किंवा वैद्यकीय मदत येईपर्यंत हे थांबवू नये. मूल शुद्धीवर येऊन बोलू लागले तरी त्यास रुग्णालयात न्यावेच, कारण फुप्फुसांत गेलेल्या पाण्याचा परिणाम काही तासांनीही दिसू शकतो. हे सर्व वाचून येत नाही. सहलीपूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन शाळेतील प्रत्येक शिक्षकाने ते एकदा हाताने करून शिकून घ्यावे.

मोजणीचे काम ह्याच्याशी निगडित आहे. द्विशिक्षकी शाळेने दोनच शिक्षकांच्या बळावर पन्नास मुले पाण्याकाठी नेऊ नयेत. दहा मुलांमागे एक मोठे माणूस हे प्रमाण धरावे. ती उणीव पालकांतून आणि समितीच्या सभासदांतून भरून काढता येते. आईवडिलांना मुलांबरोबर निवांत बसावयास मिळते हा त्यातील आणखी एक लाभ. प्रत्येक मोठ्या माणसाकडे आपल्या दहा मुलांची नावे लिहिलेली चिठ्ठी असावी. प्रत्येक मुलास एक जोडीदार नेमून द्यावा. गाडीतून उतरताना, जागेवर पोहोचल्यावर, जेवणापूर्वी, जेवणानंतर आणि गाडीत चढण्यापूर्वी मोजणी व्हावी. एकंदर डोकी मोजण्यापेक्षा "जोडी धरा" म्हटले की कोण एकटे उरले ते तत्काळ दिसते. मुलांच्या खिशात गावाचे, शाळेचे नाव आणि शिक्षकाचा भ्रमणध्वनी क्रमांक लिहिलेला कागद ठेवावा.

भोजनाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. खेड्यातील मातांना ते शिक्षकांपेक्षा चांगले कळते. भाकरी, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ हे पदार्थ दिवसभर टिकतात. दहीभात व ओल्या खोबऱ्याचे पदार्थ दुपारपर्यंत डब्यात आंबतात, ते टाळावेत. सर्वांचे डबे एकत्र करून वाढण्याची प्रथा चांगली आहे. कोणाच्या डब्यात काय आहे आणि काय नाही हे मग दिसत नाही. पिण्याचे पाणी दर मुलामागे निदान दीड लीटर ह्या हिशेबाने गावाहूनच न्यावे. शहरालगतच्या तलावांत सांडपाणी मिसळत असल्याची तक्रार जुनी आहे आणि रंकाळाही त्यास अपवाद राहिलेला नाही. ते पाणी चूळ भरण्यासही वापरू नये. निघताना आपला कचरा पोत्यात भरून परत आणावा.

एवढी तयारी झाली म्हणजे मग शिक्षकाने एक अवघड गोष्ट करावयाची असते. जेवणानंतरचा दीड तास त्याने मोकळा सोडावा. त्या वेळात स्पर्धा नको, भाषण नको, गाण्याच्या भेंड्यांचीही सक्ती नको. आखून दिलेल्या हद्दीच्या आत मुलांनी काय करावे ते मुलांनी ठरवावे. पहिली दहा मिनिटे ती गोंधळतात आणि "आता काय करायचं?" असे विचारीत येतात. उत्तर देण्याची घाई करू नये. थोड्या वेळाने कोणी पालथे पडून मुंग्या पाहू लागते, कोणी चिंचोके काढून खेळ मांडते, कोणी नुसतेच पाण्याकडे पाहत बसते. शाळेत कधी न बोलणारी एखादी मुलगी अशा वेळी शिक्षिकेशेजारी येऊन बसते आणि घरचे काही सांगू लागते. त्या वेळी शिक्षिकेच्या हातात हजेरीचा कागद नसावा. तो दुसऱ्याकडे द्यावा. मूल निजले तर निजू द्यावे, त्याच्याजवळ कोणी तरी बसावे म्हणजे झाले. मोठ्या माणसांची राखण जितकी पक्की, तितके मुलांना मोकळे सोडणे शक्य होते. ज्या शिक्षकाने काठाची व्यवस्था लावलेली नसते त्यास दिवसभर ओरडत फिरावे लागते आणि त्याच्या ओरडण्याने सर्वांचीच विश्रांती जाते.

परतीस उजेड असतानाच निघावे. चारच्या सुमारास गाडी सुटली तर दिवेलागणीपूर्वी बहुतेक गावे गाठता येतात. प्रत्येक मूल पालकाच्या हाती सोपवून चिठ्ठीवरील नावापुढे खूण करावी, आणि शेवटचे मूल घरी जाईपर्यंत शिक्षकाने शाळा सोडू नये.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला "आमची सहल" हा निबंध घालण्याचा मोह बहुतेकांना होतो. तो टाळलेला बरा. ज्या दिवशी निबंध लिहावा लागणार हे मुलांना ठाऊक असते त्या दिवशी ती पाहण्याऐवजी आठवण्याचाच प्रयत्न करीत राहतात. तो तास बोलण्यास द्यावा. ज्यास चित्र काढावयाचे असेल त्यास कागद द्यावा. शिक्षकाने त्याच दिवशी जमाखर्चाचा कागद फलकावर लावावा, उरलेले पैसे असतील तर ते परत करावेत, आणि दोरी व कॅन पुढच्या वर्षासाठी कपाटात ठेवताना दोरी कोठे झिजली आहे काय ते पाहून घ्यावे.